'काचबिंदू' हा शब्द बदलायला हवा का?

मिरजेचा चष्मा: सांगली-मिरजेत डोळ्यांच्या ओपीडीत हमखास कानावर पडतं, "काचबिंदू ना, मग काढून टाका की." दोष या शब्दाचा आहे. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की दिसायला लागतं. काचबिंदूत काढायला काही नसतंच. दृष्टीची नस वाळत जाते, गेलेली नजर परत येत नाही. दोघांना एकच 'बिंदू' कशाला? सरळ 'नेत्रदाब' म्हणा.

शब्दकीडा: हे तर जास्त फसवं! डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिमी पारा असतो, आणि २१च्या आत असूनही नस खराब होणारे रुग्ण आहेतच. नाव वाचून ते निवांत राहतील. शिवाय ही सरमिसळ मराठीनं केलेली नाही. आयुर्वेदातल्या वाग्भटाकडे नजर जाण्याच्या तिमिर, काच, लिंगनाश अशा पायऱ्या आहेत; तिथला 'काच' आजच्या मोतीबिंदूच्या जवळचा. ग्रीक 'ग्लाउकोस' म्हणजे निळसर-हिरवट, आणि त्यावरून आलेलं 'ग्लॉकोमा' (काचबिंदूचं इंग्रजी नाव) हे नावही कित्येक शतकं भिंगाच्या दोषालाच लावत. १७०५ मध्ये ब्रिसो या फ्रेंच डॉक्टरनं शवविच्छेदनात मोतीबिंदू म्हणजे गढूळ भिंगच हे दाखवलं, तेव्हा कुठे दोन आजारांच्या वाटण्या सुरू झाल्या.

वारणाकाठ: तुम्ही दोघं नामावर भांडताय, घात क्रियापदानं होतोय. "मोतीबिंदू अजून पिकला नाही", म्हणून लोक थांबतात! जुन्या पद्धतीत भिंग अख्खं काढायचे, तेव्हा थांबणं ठीक होतं. आता फेकोत (ध्वनिलहरींच्या शस्त्रक्रियेत) ३ मिमीहून लहान छेदातून ते फोडून ओढून घेतात. भिंग जितकं कडक, तितकी ऊर्जा जास्त आणि बुबुळाच्या (कॉर्नियाच्या) आतल्या थराला इजा जास्त. फारच पिकलं तर फुगून डोळ्यातल्या पाण्याची वाट बंद करतं, किंवा त्यातली प्रथिनं झिरपून ते पाणी निचरणारी चाळणी तुंबते. मग दाब चढतो. म्हणजे मोतीबिंदूच काचबिंदू घेऊन येतो.

मिरजेचा चष्मा: तो प्रकार निराळा, डोळा ठणकतो, लाल होतो, माणूस धावत येतो. नेहमीचा काचबिंदू दुखत नाही. कडेची नजर आधी जाते, समोरचं बरेच दिवस नीट दिसतं. दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही. दाब, नसेचं तोंड आणि फील्ड (कडेपर्यंत किती दिसतं ते), तिन्ही बघावं लागतं.

शब्दकीडा: हे पटलं. पण नाव बदलून काचबिंदूचे थेंब डोळ्यात नीट पडणार आहेत का? दोन औषधं लागोपाठ घातली की दुसरं पहिल्याला धुऊन नेतं. मध्ये ५ मिनिटं हवीत. नाकाकडचा कोपरा दाबून धरला नाही तर टिमोलॉल (दाब उतरवणारे थेंब) नाकावाटे रक्तात उतरतं, आणि दमेकऱ्याला ते घातक. 'काचबिंदू' राहू द्या. केसपेपरवर त्याखाली एवढंच छापा: ऑपरेशननं गेलेली नजर येत नाही, आहे ती राखता येते.

वारणाकाठ: आणि 'पिकला' खोडा.