अमेरिकेत युद्ध थांबवायला दोन-तृतीयांश मतं का लागतात?

रणटिपण: राज्यघटनेनं युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिलाय. तो तिनं शेवटचा वापरला जून 1942 मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. पुढे कोरिया, कोसोवो, लिबिया हे सगळं राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावर झालं.

1973 चा युद्धाधिकार ठराव राष्ट्राध्यक्ष निक्सनचा नकाराधिकार मोडून आला. लढाईत सैन्य उतरवलं की 48 तासांत अहवाल, मग 60 दिवसांत काँग्रेसची परवानगी नाही मिळाली तर माघार, त्यासाठी फार तर आणखी 30 दिवस. मधेच थांबवायचं तर दोन्ही सभागृहांचा साध्या बहुमताचा ठराव पुरे, राष्ट्राध्यक्षांच्या सहीची गरज नाही. खरा दात हाच होता, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 1983 च्या चढ्ढा निकालानं तो पाडला. खटला हद्दपारीचा, पण तत्त्व ठरलं की राष्ट्राध्यक्षांपुढे न गेलेल्या ठरावाला कायद्याचं बळ नाही. परिणाम 2019 मध्ये दिसला: येमेनच्या युद्धातला अमेरिकेचा सहभाग थांबवायचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर, ट्रम्प यांचा नकार, तो मोडायला दोन-तृतीयांश हवेत, आणि सिनेटमध्ये 53-45. बहुमत होतं, तरी हरले.

पाटीपेन्सिल: सगळं खापर चढ्ढावर कशाला? तिजोरी काँग्रेसकडेच आहे. 15 ऑगस्ट 1973 नंतर इंडोचायनातल्या लढाईचा पैसा तिनं बंद केला, सोमालियासाठी 31 मार्च 1994 ही तारीख घालून दिली. कोसोवोचं बघा: 1999 मध्ये हवाई मोहिमेला पाठिंब्याचा ठराव प्रतिनिधीगृहात 213-213 असा पडला, आणि त्याच सभागृहानं काही दिवसांत जादा निधी दिला! ही अरेरावी कुणाची?

रणटिपण: 1973 ची गोष्ट अर्धीच सांगितलीत. निधीबंदी जूनमध्येच मंजूर झाली होती. निक्सननी ती फेटाळली, नकाराधिकार मोडता आला नाही, म्हणून 15 ऑगस्टची तडजोड झाली. तोवर कंबोडियावर बॉम्ब पडतच होते.

खर्डेघाशी: दोघांनीही घड्याळ सोडलं. 60 दिवस मोजायचे ते ‘लढाई’ सुरू झाल्याच्या अहवालापासून, आणि लढाईची व्याख्या कायद्यात नाही. घड्याळ सुरू करणाऱ्या त्या नेमक्या कलमाखाली अहवाल दिला तो एकट्या राष्ट्राध्यक्ष फोर्डनी, 1975 च्या मायाग्वेझ प्रकरणात (कंबोडियानं पकडलेलं अमेरिकी मालवाहू जहाज), तोही कारवाई आटोपल्यावर. बाकीचे ‘ठरावाशी सुसंगत’ असं मोघम लिहून मोकळे. लिबियात 60 दिवस उलटले तेव्हा ओबामांच्या वकिलांचं म्हणणं होतं की जमिनीवर आपले सैनिक नाहीत, जीवितहानीचा धोका कमी, मग ही कायद्यातली लढाईच नव्हे. ड्रोन मात्र उडत होते. उपाय एकच: मुदत संपली की निधी आपोआप बंद. 2021 च्या एका सिनेट विधेयकात 20 दिवसांची मुदत होती. मग नकाराधिकार वापरायला समोर ठरावच उरत नाही.

पाटीपेन्सिल: म्हणजे खासदार गप्प बसले की सैन्य परत. शत्रूनं फक्त कॅलेंडर बघायचं! आणि 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरची, 2001 ची लष्करी कारवाईची 60 शब्दांची परवानगी, जिच्यात ना शत्रूचं नाव ना मुदत, ती काँग्रेसनंच दिली. प्रतिनिधीगृहात विरोधी मत फक्त एक.

खर्डेघाशी: द्यायला साधं बहुमतही पुरलं असतं. मागे घ्यायला राष्ट्राध्यक्षांची सही लागते, नाहीतर दोन-तृतीयांश. म्हणून मुदत परवानगीतच लिहायला हवी होती.