एनव्हीडियाचं कार्ड काढून एएमडीचं घातलं, जुने ड्रायव्हर काही निघेनात

शहापूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला अण्णाचं फ्लेक्सचं दुकान हाय, तिथला कॉम्प्युटर मीच बघतो. आय फाइव्ह १०४०० एफ, १६ जीबी रॅम, विंडोज ११. आजवर एनव्हीडियाचं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड होतं, गेल्या आठवड्यात एका मित्राकडनं एएमडीचं जुनं आरएक्स ६६०० घेतलं, आधीचं उपसलं, हे बसवलं आणि एएमडीचा ड्रायव्हर (कार्ड चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला घेतला, तर निम्म्यात लाईट गेली (वळवाचा पाऊस, सांगायला नको). परत टाकला. तेव्हापासनं फोटोशॉपात झूम केलं की स्क्रीन दोन सेकंद काळी होऊन परत येते, मधेच ड्रायव्हर टाइमआउटचा मेसेज, आणि खाली कोपऱ्यात एनव्हीडियाचा आयकॉन अजून बसलेलाच, त्यावर क्लिक केलं की म्हणतंय तुमचा मॉनिटर एनव्हीडियाच्या कार्डाला जोडलेला नाही. अरे तुला काढून चार दिवस झाले की बाबा!

कंट्रोल पॅनेलमधनं अनइन्स्टॉल केलं तर ग्राफिक्स ड्रायव्हर गेला म्हणतंय, पण एनव्हीडियाचं फिजएक्स आणि एचडी ऑडिओ तसंच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हिडन डिव्हाइस दाखव म्हटलं की १०५० टीआय फिकट रंगात दिसायलंय. वैशाखातली शिवजयंती तोंडावर, मंडळांचे बोर्ड, चित्ररथाचे बॅनर सगळं याच मशीनवर. डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) म्हणून काहीतरी वापरतात म्हणे, पण त्यानं श्रीलिपीचे फॉन्ट नाहीतर लायसन्सचं यूएसबी डोंगल गेलं तर अण्णा मला दुकानातनं बाहेर काढंल. कुणी केलंय का?

टिळकवाडी_गेमर
ड्रायव्हरच्या मागं लागायच्या आधी एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) कुठला हाय ते सांग. १०५० टीआय ७५ वॉटचं कार्ड, बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल पण लागत नाही, स्लॉटमधनंच करंट घेतंय. ६६०० ला १३२ वॉट आणि ८ पिनची केबल लागते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस असला तर डीडीयू दहा वेळा मारलास तरी स्क्रीन काळी होणारच.

शहापूरचा_पोरगा
चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा हाय ओ, मागच्या वर्षी घेतलेला. ८ पिन पण लावलीय, दोनदा काढून घालून बघितली.

निपाणीकर_८५
फॉरमॅट मार की सरळ. तासाभरात मोकळा होशील. मी तर तेच करतो दरवेळी.

खानापूर_लाईन
फॉरमॅट कशाला ओ निपाणीकर, दुकानाच्या मशीनवर कोरल, फोटोशॉप, श्रीलिपी, प्रिंटरचं रिप सॉफ्टवेअर परत घालायचं म्हणजे तासात नाही होत, दोन दिवस जातात आणि मधे गिऱ्हाईक दारात उभं.

भावा, डीडीयूच कर. ते फक्त ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फाइली, रजिस्ट्रीतल्या नोंदी आणि विंडोज आपल्याकडं साठवून ठेवतो ती ड्रायव्हरची कॉपी काढतंय. तुझा एनव्हीडिया परत परत उगवतो तो त्या साठवलेल्या कॉपीतनंच. फॉन्टला, यूएसबी डोंगलला हात पण लावत नाही. एकच गोष्ट, एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रंगाची, व्हायब्रन्सची सेटिंग वाढवून ठेवलेली असली तर ती त्या कार्डाबरोबरच गेली, म्हणून सगळं फिकट दिसलं तर घाबरू नकोस. तसं तुम्ही फ्लेक्सवाले भगवा स्क्रीनवर बघून ठरवत असाल तर आधी एक टेस्ट प्रिंट काढून घे.

आता कसं करायचं. डीडीयू वॅगनार्डच्या साइटवरनं नाहीतर गुरू थ्री डीवरनंच घे, गुगलवर वरती जाहिरातीत येतात त्या दड्ड साइटवरनं घेऊ नकोस. एएमडीचा ड्रायव्हर पूर्ण डाउनलोड करून डेस्कटॉपवर ठेव, ऑनलाइन इन्स्टॉलर नको. रिस्टोर पॉइंट कर. मग लॅनची वायर उपस, वायफाय असलं तर ते पण बंद. हे लोक विसरतात आणि मग मला फोन करतात: तू ड्रायव्हर काढून रिस्टार्ट होईपर्यंत विंडोज अपडेट गुपचूप दुसराच कुठला तरी ड्रायव्हर घालून ठेवतंय, आणि तुला वाटतंय डीडीयूनं काम केलं नाही. डीडीयूच्या ऑप्शनमध्ये ते अडवायची टिकमार्क हाय, पण वायर उपसलेली बरी. टिकमार्क केलीस तर काम झाल्यावर परत पूर्ववत कर, नाहीतर उद्या नवीन प्रिंटर जोडशील आणि ड्रायव्हर का येईना म्हणून डोकं फोडून घेशील.

शिफ्ट दाबून रिस्टार्ट, ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, मग ४ नंबर म्हणजे सेफ मोड, त्यात विंडोज गरजेपुरतंच चालू होतंय. डीडीयूत उजवीकडं जीपीयू निवड, ऑडिओ नाही, नाहीतर रिअलटेकचा आवाज घालवून बसशील. आधी एनव्हीडिया, क्लीन कर पण रिस्टार्ट नको. मग एएमडी, तुझा तो लाईट जाऊन अर्धवट राहिलाय म्हणून तो पण काढायलाच पाहिजे, आणि हे झाल्यावर रिस्टार्ट. खरं तर जुनं कार्ड आत असतानाच हे करून 'क्लीन अँड शटडाऊन' मारायचं आणि मग कार्ड बदलायचं, पण झालं ते झालं.

आणि तुझ्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ हाय म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही. रिस्टार्टनंतर सगळं मोठं मोठं, जाडं दिसंल, ते मायक्रोसॉफ्टच्या बेसिक ड्रायव्हरवर चालायलंय म्हणून. तसंच एएमडीचा ड्रायव्हर टाक, मग वायर लाव.

उद्यमबाग_कॅडवाला
खानापूरकरांनी सगळं सांगितलंय, पण सेफ मोडमध्ये जायच्या आधी दोन गोष्टी बघून घे बाळ, कारण माझं त्यातच झालेलं. आमच्या वर्कशॉपमध्ये डिझाइनच्या मशीनवर एनव्हीडियाचं क्वाड्रो कार्ड होतं, ते बदलताना मी असाच सेफ मोडला गेलो आणि समोर निळी स्क्रीन, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला कुलूप लावायचं एन्क्रिप्शन) ४८ आकडी रिकव्हरी की मागायला लागली. मी कधी बिटलॉकर चालू केलेलं आठवत पण नव्हतं, विंडोज ११ बऱ्याच मशीनवर आपणहून एन्क्रिप्शन चालू करतंय. मायक्रोसॉफ्टच्या ज्या अकाउंटनं मशीन सेट केलं त्यात की असते, आणि ते अकाउंट होतं नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या मेलवर! त्याला शोधून फोन लावला, तो बिचारा चांगला म्हणून बरं. अख्खा दिवस गेला, सीएनसीवर जायचं ड्रॉइंग आत अडकलेलं, पार्टी दुसऱ्या लाईनवर ओरडायलीय.

म्हणून सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन चालू हाय का बघ, असलं तर की कागदावर लिहून घे, त्याच मशीनमध्ये सेव्ह करून उपयोग नाही.

दुसरं म्हणजे सेफ मोडमध्ये पिन बऱ्याचदा चालत नाही, अकाउंटचा पासवर्ड लागतो, आणि तो कुणालाच पाठ नसतो. आणि विंडोजच्या एमएसकॉन्फिग टूलमध्ये सेफ बूटला टिकमार्क करून जाऊ नकोस, पासवर्ड नसला तर मशीन दरवेळी सेफ मोडलाच उठंल आणि तू बाहेरच.

निपाणीकर_८५
हे बिटलॉकरचं मला पण माहिती नव्हतं. आजच बघतो.

टिळकवाडी_गेमर
यूपीएसवर कर रे आणि. परत लाईट गेली तर परत पहिल्यापासनं.

शहापूरचा_पोरगा
झालं ओ सगळं!! काल रात्री दुकान बंद केल्यावर बसलो. काकांनी सांगितलं म्हणून आधी बघितलं तर एन्क्रिप्शन खरंच चालू होतं, की अण्णाच्या अकाउंटला सापडली, आणि पासवर्ड अण्णाला विचारला तर म्हणतोय वहिनीला विचार, वहिनी म्हणते वहीत लिहिलाय, वही माहेरी संकेश्वरला. शेवटी फोनवर नवीन पासवर्ड सेट केला, वायर उपसायच्या आधी एकदा त्यानं लॉगिन करून बघितलं. डीडीयूला दहा मिनिटं पण नाही लागली, पासवर्डला दीड तास.

एनव्हीडियाचा आयकॉन गेला, फिकट १०५० टीआय पण गेलं. आज सकाळपासनं २० फुटी बॅनरची फाइल उघडून झूम करायलोय, एकदाही काळी झाली नाही. श्रीलिपी, डोंगल सगळं जाग्यावर. रंग मात्र फिकट दिसायलेत, भगवा पार केशरी सरबतासारखा, अण्णा ओरडला, मग टेस्ट प्रिंट हातात दिली तेव्हा गप्प झाला. थँक्यू खानापूर, थँक्यू काका.

निपाणीकर_८५
ते जुनं १०५० टीआय विकणार काय? पोराच्या मशीनला पाहिजे होतं.

टिळकवाडी_गेमर
घ्या, पण ५८० सिरीजच्या पुढचे ड्रायव्हर त्याला चालत नाहीत. किंमत तशी करा.

शहापूरचा_पोरगा
अण्णाला विचारून सांगतो. आणि निपाणीकर, तुमच्या मशीनमध्ये आत्ता कुठलं कार्ड हाय ते आधी सांगा.

निपाणीकर_८५
एएमडीचं. आता समजलं मला काय करायला लागतंय ते. फॉरमॅट नाही मारत.