अ‍ॅलर्जीची गोळी ज्यूसबरोबर घेतली तर खरंच कमी लागू पडते का? आणि हे तपासतात कसं?

खाजकुयली:
नमस्कार मंडळी. मला अंगावर पित्त उठायचा त्रास आहे, म्हणजे दंडावर, पोटावर लाल गांधी येतात, मरणाची खाज सुटते आणि थोड्या वेळाने तिथून गायब होऊन दुसरीकडे उठतात. स्किनच्या डॉक्टरांनी रोज एक फेक्सोफेनाडिन १८० दिलीय. मी सकाळी ऑफिसला जाताना मोसंबी ज्यूस पिते त्याच्याबरोबरच गोळी टाकते, म्हणजे विसरायला होत नाही. तर परवा मेडिकलवाले दादा म्हणाले ताई ही पाण्याबरोबरच घ्या, ज्यूसबरोबर नको. का विचारलं तर म्हणे तसं लिहिलेलं असतं! आता माझा प्रश्न असा की हे कुणी तपासलं कसं असेल? रक्तात औषध कमी गेलं हे मोजता येईल, पण कातडीवर फरक पडला हे कसं कळणार, गांधी तर त्यांच्या लहरीप्रमाणे येतात. आणि घरच्या घरी बघता येईल का, एक आठवडा पाणी, एक आठवडा ज्यूस?

खलबत्ता:
एमडी फार्माकॉलॉजी करतोय, त्यामुळे थोडं लांबण लावतो, सहन करा.

तुमच्या गांधी कधी उठतात याची वाट बघत बसत नाहीत, मुद्दाम उठवतात. हाताच्या आतल्या बाजूला हिस्टमिनचा (अ‍ॅलर्जीत शरीर सोडतं ते खाज-सूज आणणारं रसायन, ही गोळी त्यालाच अडवते) थेंब ठेवून बारीक टोचतात, दहा-पंधरा मिनिटांत तिथे डास चावल्यासारखी फुगवटी येते आणि भोवती लाली पसरते. दोन्हीची कड पेनाने आखून घ्यायची, त्यावर पारदर्शक टेप दाबून आकार उचलायचा, आलेखाच्या कागदावर चिकटवून चौकोन मोजायचे. (हल्ली फोटो काढून कॉम्प्युटरवर क्षेत्रफळ काढतात.) गोळी घ्यायच्या आधी एकदा टोचायचं आणि नंतर ठराविक तासांनी परत परत. फेक्सोफेनाडिनचा असर साधारण तासाभरात दिसायला लागतो, २ ते ३ तासांनी सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे फुगवटी आधी लहान लहान होत जाते आणि मग हळूहळू परत मोठी.

आता हाच माणूस एकदा पाण्याबरोबर गोळी घेणार आणि मधे पुरेसे दिवस सोडून एकदा ज्यूसबरोबर. म्हणजे त्याची तुलना त्याच्याशीच, कारण एकाची फुगवटी मुळातच मोठी येते आणि दुसऱ्याची लहान. असे प्रयोग खरंच झालेत, या गोळीच्या अमेरिकेतल्या लेबलवर त्यांचा उल्लेख आहे. ग्रेपफ्रूट किंवा संत्र्याच्या ज्यूसबरोबर गोळी घेतली तेव्हा फुगवटी आणि लाली दोन्ही पाण्यापेक्षा मोठ्या आल्या आणि औषधाची उपलब्धता (म्हणजे रक्तात पोहोचणारं प्रमाण) ३६ टक्क्यांनी घटली.

शंकासुर:
एक शंका. ज्यूसची चव तर माणसाला कळणारच ना, मग ब्लाइंड (म्हणजे कशाबरोबर गोळी घेतली ते कळू न देणं) कसं करणार? आणि ३६ टक्के कमी म्हणजे माझ्या हिशोबाने अजून ६४ टक्के आहेच की आत. तेवढ्याने खाज वाढते का नाही ते सांगा, मिलिमीटरचं काय घेऊन बसलात.

खलबत्ता:
@शंकासुर पिणाऱ्याला कळू दे, चौकोन मोजणाऱ्याला कळता कामा नये, तेवढं जमवता येतं. फुगवटी माणसाच्या मताप्रमाणे मोठी-छोटी होत नाही, पण मोजणाऱ्याचं पेन मात्र मताप्रमाणे सरकतं हे मी प्रॅक्टिकलला डोळ्यांनी बघितलंय.

दुसरा मुद्दा अगदी बरोबर पकडलात. त्याच लेबलवर पुढे सरळ लिहिलंय की या निरीक्षणांचं प्रत्यक्ष उपचारातलं महत्त्व माहीत नाही. टोचून उठवलेली फुगवटी म्हणजे फक्त हिस्टमिनचं काम, अंगावर पित्त उठतं तेव्हा त्यात इतरही रसायनं असतात. त्यामुळे फुगवटी मोठी आली म्हणजे त्रास तेवढाच वाढला असं नाही म्हणता येत. पण पाणी फुकट आहे हो, उगाच औषध वाया का घालवा.

पपनसवाला:
ग्रेपफ्रूटने औषध वाढतं असं ऐकलं होतं, इथे कमी होतंय म्हणताय? आमच्याकडे गणपतीत पपनस भरपूर येतात, ते पण तसलंच का? बाकी पित्तावर आमची आजी आमसूल भिजवून ते पाणी अंगाला लावायची, गोळीची गरजच नाही पडली कधी.

खलबत्ता:
ग्रेपफ्रूटने काही औषधं वाढतात आणि काही कमी होतात, दोन्ही खरं आहे आणि हाच मला या विषयातला सगळ्यात भारी भाग वाटतो. १९८९ साली कॅनडात डेव्हिड बेली यांच्या टीमने बीपीच्या फेलोडिपिनबरोबर दारूचा काय परिणाम होतो ते बघताना दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूट ज्यूस वापरला आणि रक्तात औषध भलतंच वाढलेलं निघालं. ज्यूसने आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडलं होतं. टर्फेनाडिन नावाची जुनी अ‍ॅलर्जीची गोळी अशीच शरीरात साठून हृदयाचे ठोके बिघडवायची, म्हणून ती बाजारातून काढली. गंमत अशी की टर्फेनाडिन शरीरात मोडून जे बनतं तेच फेक्सोफेनाडिन! त्याला त्या एन्झाइमची फारशी गरजच नाही, पण आतड्यातून आत शिरायला काही वाहक प्रोटीन लागतात आणि ज्यूसमधली द्रव्यं (ग्रेपफ्रूटमध्ये मुख्यतः नारिंजिन) नेमकी तीच अडवतात. बसमध्ये जागा आहे पण कंडक्टर दारच उघडत नाही, असं काहीसं. २००२ मध्ये बेलींच्याच टीमने ग्रेपफ्रूट, संत्रं आणि सफरचंद तिन्ही ज्यूस तपासले, तिन्हींनी फेक्सोफेनाडिन घटवलं, पण तिथे तीन तासांत सव्वा लिटरच्या आसपास ज्यूस पाजला होता, एवढा कोण पितो. नंतर ३०० मिलीवर बघितलं तरी घट दिसलीच, थोडी कमी.

पपनस हा ग्रेपफ्रूटचा बापच, पपनस आणि संत्र्याच्या संकरातून ग्रेपफ्रूट आलं. जपूनच.

सुईवाली:
मी अ‍ॅलर्जी क्लिनिकमध्ये प्रिक टेस्ट (अशीच टोचून अ‍ॅलर्जी बघायची टेस्ट) करते. @खाजकुयली घरी काही टोचाटोची करू नका प्लीज, हिस्टमिन नाही तर नखाने ओरखडून बघते असं म्हणणारे पण येतात, ती वेगळीच गोष्ट होते. एक आठवडा पाणी एक आठवडा ज्यूस यातूनही काही कळणार नाही, त्या आठवड्यात तुम्ही काय खाल्लं, किती उन्हात फिरलात, झोप झाली का, सगळंच मधे येतं. आणि आपल्या सावळ्या हातावर लालीची कड धड दिसत नाही, फुगवटी बोटाला लागते म्हणून मी तरी तीच धरते. कधी अ‍ॅलर्जी टेस्टला आलात तर ही गोळी आधी काही दिवस बंद करावी लागते, नाहीतर हिस्टमिनचा थेंबसुद्धा उठत नाही आणि टेस्ट फुकट जाते. किती दिवस ते डॉक्टर सांगतील, स्वतःच्या मनाने नको.

खाजकुयली:
बापरे केवढी माहिती, थँक्यू सगळ्यांना. मोसंबीचं नाव कुणी घेतलं नाही पण ती संत्र्याचीच बहीण म्हणून सोडून देते. मग ज्यूस किती वेळाने चालेल? आणि मी उठल्यावर अ‍ॅसिडिटीचं गुलाबी औषध घेते दोन चमचे, ते चालतं ना गोळीबरोबर?

खलबत्ता:
ग्रेपफ्रूट ज्यूस गोळीच्या २ तास आधी प्यायला तरी घट दिसली होती, ४ तास आधी प्यायला तर नाही. तुम्ही सकाळी पाण्याबरोबर गोळी घ्या आणि ज्यूस ऑफिसातून येताना प्या, प्रश्नच मिटला.

अ‍ॅसिडिटीच्या औषधाचं मात्र बरं विचारलंत, ज्यूसपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते. बाटलीवर अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम दोन्ही लिहिलेलं असेल बघा. तसलं औषध जवळजवळ एकाच वेळी घेतलं तर फेक्सोफेनाडिन ४१ टक्क्यांनी कमी जातं. दोन्हींत किमान २ तासांचं अंतर ठेवा आणि रोज सकाळी अ‍ॅसिडिटी होतेय हे पण डॉक्टरांच्या कानावर घाला.