पाटे काढून कॉइल टाकू का? जुनी फोर बाय फोर आहे

चिखलवाट:
नमस्कार मंडळी. माझी गाडी जुनी फोर बाय फोर, पुढे-मागे सॉलिड एक्सल (डावं-उजवं चाक एकाच अखंड दांड्यावर) आणि चारही कोपऱ्यांना पाटे, म्हणजे एकावर एक पोलादी पानं रचलेली स्प्रिंग. खड्ड्यातून तिरकी घातली की मागचं एक चाक हवेत जातं आणि नुसतं गरगर फिरत राहतं, गाडी जागची हलत नाही. साध्या रस्त्यावर पण इतकी आदळते की मागे बसलेल्यांचे हाल होतात. ग्रुपमधले सगळे म्हणतात पाटे काढ, कॉइल (गोल वेटोळ्यांची स्प्रिंग) टाक, जिमनी बघ, रँग्लर बघ, सगळ्या कॉइलवरच. पण वर्षातून तीन-चार वेळा मी तंबू, पाण्याचे कॅन, जास्तीचं डिझेल असं गच्च भरून लांब जातो. खर्चाची तयारी आहे, पण एकदाच करायचाय. काय करू?

दगडधोंडे:
मी हे केलंय, दोन वर्षं झाली. फरक पडतो यात वादच नाही, पाट्यात पान पानावर घासतं ते घर्षण कॉइलमध्ये नसतं त्यामुळे बारीकसारीक दगडांवर गाडी खूप मऊ वाटते आणि चाक सहसा जमीन सोडत नाही. पण पाटा नुसतं वजन उचलत नाही, एक्सलला जागेवर धरून पण तोच ठेवतो, पुढे-मागे, डावी-उजवीकडे, आणि ब्रेक मारल्यावर एक्सल फिरायला बघतो तेही तोच थोपवतो. कॉइल फक्त वजन घेते. म्हणजे पाटे काढले की एक्सलला पुढे-मागे धरणारे कंट्रोल आर्म आले, डावी-उजवीकडे धरणारा आडवा पॅनहार्ड रॉड आला, आणि त्या सगळ्यांचे ब्रॅकेट चासीला वेल्ड करणं आलं. माझ्या पुढच्या पॅनहार्डचा ब्रॅकेट चार महिन्यांत तडकला. स्टीअरिंग वळवलं की आधी गाडीचं अंगच एका बाजूला सरकायचं आणि मग चाकं वळायची. खाली झोपून बॅटरी मारली तर वेल्डच्या कडेने केसासारखी रेघ आणि तिच्यातून गंजाचा ओघळ आलेला. सगळं परत उघडून जाड प्लेट लावली तेव्हा थांबलं. तर कॉइल नक्की टाक, पण वेल्डिंग करणारा माणूस आधी शोध, स्प्रिंग नंतर.

ग्रीसगन:
दादा, खर्चाच्या आधी एक दुपार द्या. एक पुढचं चाक हळूहळू रॅम्पवर चढवा आणि दुसरं कुठलंही चाक जमीन सोडेल तिथे थांबून उंची मोजा. त्याच वेळी लटकलेल्या बाजूचा शॉकॲब्झॉर्बर बघा, तो पूर्ण ताणला गेला असेल तर चाकाला शॉकॲब्झॉर्बरच अडवतोय, कॉइल टाकली तरी तेच होणार. मग शॅकल बघा, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी. पाटा दाबला गेला की सरळ होतो म्हणजे लांब होतो, ती लांबी शॅकल झुलून सामावून घेतो. शॅकलवर आणि चासीवर मिळून खडूची एक सरळ रेघ मारा, गाडी तिरकी केल्यावर ती रेघ तुटली नाही तर शॅकल जाम आहे. आणि पाट्याच्या टोकांत रबर बुश (बोल्टभोवतीच्या रबरी नळ्या) असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच फायनल टाईट करायचे, लटकलेल्या एक्सलवर टाईट केले तर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी कडक होते आणि बुश लवकर फाटतात. हे फार लोक चुकवतात आणि दोष पाट्यांना देतात!

ओझेवाला:
सामानाचा मुद्दा सोडू नका. हेवी ड्यूटी ७० सिरीज लँड क्रूझर बघा, १९९९ पासून पुढे कॉइल आहे पण मागे पाटेच. रेंज रोव्हर १९७० मध्येच चारही कोपऱ्यांना कॉइल घेऊन आली होती, म्हणजे ओझ्याला कॉइल चालतच नाही असं नाही, पण रिकाम्या गाडीला मऊ लागेल अशी कॉइल सामान भरलं की बसते. पाट्यांत हेल्पर पान टाकता येतं, ते वजन आल्यावरच कामाला लागतं. उंचीसाठी एक्सल आणि पाट्याच्या मध्ये ब्लॉक (ठोकळा) टाकायचा मोह झाला तर पुढे अजिबात नको, आणि मागे पण उंच ब्लॉक टाकला की ॲक्सिलरेटर दाबल्यावर पाटा एस आकारात पिळतो आणि चाक उड्या मारतं.

चिखलवाट:
ग्रीसगन दादा, रविवारी केलं. मागचे दोन्ही शॅकल जाम, रेघ जशीच्या तशी! पाटे खोलले तर पानं गंजून एकमेकांना अशी चिकटलेली की पाचरीने सुटी करावी लागली. वायर ब्रशने घासली, टोकांना प्लास्टिकच्या चकत्या टाकल्या, बुश नवीन, बोल्ट गाडी खाली उतरवून टाईट केले. आधी चाक ४१ सेंटीमीटरला उचललं जायचं, आता ५३. आणि आता मागचा शॉकॲब्झॉर्बर पूर्ण ताणलेला दिसतोय, तुम्ही म्हणालात तसंच. मागे पाटे ठेवतोय. शॉकॲब्झॉर्बर लांब घेतो, पण ब्रेकची होज (तेलाची लवचिक नळी) तेवढी पुरेल का ते कसं बघायचं?

ग्रीसगन:
चासी स्टँडवर घ्या, शॉकॲब्झॉर्बर खालून सोडा आणि एक्सल जॅकवर ठेवून हळूहळू खाली सोडा, एकदा सरळ आणि एकदा तिरका. होजवर हात ठेवा, ती ताणायला लागली की थांबा. नवीन शॉकॲब्झॉर्बर पूर्ण उघडल्यावर एक्सल होज ताणायला लागली त्या जागेच्या वरच राहिला पाहिजे, नाहीतर आधी लांब होज. आणि दाबलेल्या बाजूला शॉकॲब्झॉर्बर तळाला लागायच्या आधी बम्प स्टॉप (एक्सलला वर अडवणारा रबरी ठोकळा) लागतो ना, तेही बघून घ्या.