शाप, तळतळाट आणि 'वचन पुढे करणे'

प्रश्न:
अमेरिकेतले राजकारणी बायबलची वचनं विरोधकांवर फेकतात, त्याबद्दल एक लेख लिहीत आहे. दोन ठिकाणी शब्द नीट बसत नाहीत. स्तोत्रसंहितेतल्या 109व्या स्तोत्राला 'शापस्तोत्र' म्हणावं का? आणि वचनाच्या अशा वापराला 'शास्त्राधार देणे' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद:
109व्या स्तोत्राला मी 'तळतळाट' म्हणेन. शाप द्यायला अंगी सामर्थ्य लागतं, तो ऋषी देतो, देव देतो. तळतळाट लागतो गांजलेल्याचा, ज्याचं दुसरं काहीच चालत नाही त्याचा. या स्तोत्रातला माणूस नेमका तसा आहे. त्याच्यावर खोटे आरोप झालेत, तो दीन आहे, दरिद्री आहे, उपासानं त्याचे गुडघे लटपटताहेत.

आता जून 2016 मध्ये वॉशिंग्टनला काय झालं ते पाहा. 'फेथ अँड फ्रीडम कोअलिशन' या पुराणमतवादी ख्रिस्ती संघटनेच्या परिषदेत जॉर्जियाचे तेव्हाचे सेनेटर डेव्हिड पर्ड्यू म्हणाले की राष्ट्राध्यक्ष ओबामांसाठी प्रार्थना करा, पण नेमकी करा. आणि त्यांनी याच स्तोत्राचं आठवं वचन म्हटलं: त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचा हुद्दा दुसरा घेवो. सभागृहात हशा पिकला. ते तिथेच थांबले. पुढचं वचन आहे त्याची मुलं पोरकी होवोत, बायको विधवा होवो, आणि त्यापुढे त्या मुलांनी भीक मागत फिरावं असं आहे. समोर बसलेली मंडळी बायबल वाचणारी होती, त्यांना पुढचं आठवायला वेळ लागत नाही. राष्ट्राध्यक्षांचं वाईट चिंतलेलं नाही, असा खुलासा पर्ड्यूंच्या कार्यालयानं नंतर केला. हेच वचन 2009 पासून गाड्यांच्या मागे स्टिकरवर फिरत होतं, म्हणजे त्याचा अर्थ काय घेतला जातो हे तोवर सर्वांना ठाऊक होतं.

सेनेटर गांजलेला नसतो. म्हणून स्तोत्र तळतळाटाचं, पण पर्ड्यूंनी केलं ते 'अभद्र चिंतणं'. दोन्हींसाठी एकच शब्द वापरू नका, मला ते फार महत्त्वाचं वाटतं. दुबळ्याच्या तोंडची वाक्यं सत्तेतल्या माणसानं उचलली की शब्द तेच राहतात, पण ते आता दुबळ्याचे उरत नाहीत.

आणखी एक. या स्तोत्रात सुरुवातीला शत्रू अनेकवचनी आहेत. 6 ते 19 या वचनांत मात्र सगळं एकाच माणसाविरुद्ध आहे, आणि 20व्या वचनात पुन्हा अनेकवचन येतं. त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात की मधले उद्गार स्तोत्रकर्त्याचे नाहीतच. ते त्याच्या शत्रूंचे आहेत, तो फक्त ऐकवतो आहे. बायबलच्या 1989 मधल्या एका प्रमुख इंग्रजी आवृत्तीत सहाव्या वचनाच्या आरंभी 'ते म्हणतात' असे शब्दच घातले आहेत. हा अर्थ धरला, तर आठवं वचन उच्चारणारा माणूस खोटे आरोप करणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

दुसरा प्रतिसाद:
'शास्त्राधार' नको. काय करावं असा संशय पडला की माणूस शास्त्राधार शोधतो. इथे निर्णय आधी झालेला असतो. त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे, 'पुढे करणे'. निमित्त पुढे करतात तसं वचन पुढे केलं.

अमेरिकेचे तेव्हाचे अॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, जेफ सेशन्स यांचं उदाहरण घ्या. मेक्सिकोच्या सीमेवर स्थलांतरित आईबापांपासून मुलं तोडली जात होती आणि चर्चमधूनही टीका होत होती. 14 जून 2018 रोजी इंडियानातल्या फोर्ट वेन इथे त्यांनी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय पुढे केला: सरकारचे कायदे पाळा, ते देवानं नेमलेले आहेत. अमेरिकेतल्या 1850 च्या कायद्याप्रमाणे पळालेले गुलाम मालकाला परत द्यावेत म्हणून हाच अध्याय वाचला जात असे. त्याच अध्यायात दहा वचनं उलटायच्या आत प्रीती शेजाऱ्याचं वाईट करत नाही, असं आहे. बायबलच्याच 'निर्गम' या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात उपऱ्याचा छळ करू नका, तुम्हीही मिसरात उपरे होता, अशी आज्ञा आहे. ती त्या दिवशी कोणी पुढे केली नाही. सेशन्स मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे. त्यांच्याच पंथातल्या 600 हून अधिक लोकांनी त्यांच्याविरुद्ध चर्चकडे रीतसर तक्रार केली. ती पुढे फेटाळण्यात आली.

तेव्हा पर्ड्यूंनी वचन 'फेकून मारलं', सेशन्सनी 'पुढे केलं'. एकाचा हल्ला, दुसऱ्याचा बचाव. लेखात हा फरक राहू द्या.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. वाक्य असं करतो: 'गांजलेल्याचा तळतळाट सेनेटरनं उचलला आणि राष्ट्राध्यक्षाचं अभद्र चिंतायला वापरला.' सेशन्सचा परिच्छेद वेगळा काढतो, तिथे 'पुढे केला' ठेवतो. 'शापस्तोत्र' आणि 'शास्त्राधार' दोन्ही काढून टाकले आहेत.