क्लिव्हियाचं फूल पानांच्या बेचक्यातच अडकतंय, दांडा वर येत नाही

ओवी_स्टुटगार्ट (फेब्रुवारी 2023)

नमस्कार मंडळी. कुंडीतल्या क्लिव्हियासाठी सल्ला हवा आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक जर्मन आजी राहायच्या. 2020 च्या सप्टेंबरात त्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या. जाताना त्यांनी ही कुंडी माझ्या हातात दिली. झाड मुळात त्यांच्या सासूबाईंचं, म्हणजे माझ्याहून वयाने मोठं. "दर वर्षी मार्चमध्ये फुलतं, त्याला फार काही लागत नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी ते जिवापाड जपतेय. हॉलमध्ये पूर्वेच्या खिडकीशी ठेवलंय. आमच्याकडे जमिनीखालचं हीटिंग आहे, त्यामुळे खोली हिवाळाभर 22 अंशांवर असते. दर रविवारी पेलाभर पाणी घालते, पंधरवड्याला ओल्या फडक्याने पानं पुसते. दोन फुटवे आहेत, मोठ्याला 16 पानं आणि धाकट्याला 9. गर्द हिरवी पानं, एकही पिवळं नाही.

फुलाचं मात्र जमत नाही. पहिल्या वर्षी आलंच नाही. गेल्या फेब्रुवारीत पानांच्या बुडाशी कळ्यांचा झुबका दिसला, मी रोज सकाळी उठून आधी तिथे डोकवायचे. दांडा दोन बोटंही वर चढला नाही. कळ्या तिथल्या तिथेच, दोन पानांमध्ये चेंगरून उमलल्या आणि आठवड्यात काळ्या पडल्या. यंदा पुन्हा तेच चाललंय, आज सकाळी बुडाशी केशरी टोक दिसलं. खत कमी पडतंय का? की कुंडी बदलू? आजींना दर महिन्याला भेटते, त्या झाडाबद्दल विचारतात आणि मला खरं सांगवत नाही.

शैला_कोथरूड

ओवी, खतही नको आणि कुंडीही बदलू नकोस. सोळा पानांचं निरोगी झाड फुलायला पुरेसं मोठं आहे आणि कळ्या धरतंय, म्हणजे त्याने त्याचं काम केलंय. त्याला हिवाळा मिळत नाहीये, एवढीच अडचण आहे.

क्लिव्हियाची कळी आत खूप आधी तयार होते. पण दांडा लांब व्हायला मधे गारठ्याचे आठ-दहा आठवडे जावे लागतात. ते मिळाले नाहीत तर कळी वेळेवर फुगते आणि दांडा मात्र आखूड राहतो. तुझ्या 22 अंशांच्या हॉलमध्ये नेमकं हेच होतंय.

मला हे कळायला चार वर्षं लागली. 2009 साली कालिम्पाँगला गेलो होतो, तिथून दोन रोपं आणली. बैठकीच्या खोलीत ठेवली, पाणी वेळेवर, सगळं वेळेवर. फूल आलं की बेचक्यात अडकायचं, अगदी तुझ्यासारखं. 2013 च्या डिसेंबरात घराला रंग काढला, म्हणून सगळ्या कुंड्या गच्चीवर शेडनेटखाली नेऊन ठेवल्या. रंगाचं काम लांबलं. त्यात सासरे आजारी पडले, आणि महिना-दीड महिना मी गच्चीवर फिरकलेही नाही. त्या वर्षी रात्री चांगलाच गारठा होता, पारा दहा-अकरापर्यंत उतरायचा. फेब्रुवारीत वर गेले तर पानांच्या मधून जाडजूड चपटा दांडा सरळ वर आलेला, टोकाला बारा कळ्या. मी तिथेच पाण्याच्या टाकीला टेकून बसले.

तेव्हापासून दर वर्षी दोन्ही कुंड्या डिसेंबरात गच्चीवर जातात. तुझ्याकडे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत त्याला 8 ते 12 अंशांत ठेव. दहिवर पडेल अशा उघड्या जागी नको, 5 च्या खाली नको. पाणी जवळजवळ बंद, महिन्यातून एकदा अर्धी वाटी फार झालं. मुळं बोटाएवढी जाड आणि मांसल असतात, त्यांच्यात पाण्याचा साठा असतो, त्यामुळे झाड सुकेल अशी भीती बाळगू नकोस. दांडा दिसला की लगेच पाणी घालायचा मोह होतो, तो आवर. दांडा 15 सेंमीचा होईपर्यंत गारठ्यातच राहू दे, मग थोड्या उबेच्या जागी आण आणि पाणी सुरू कर.

एक विचारते. आजींच्या घरी ही कुंडी कुठे असायची?

ओवी_स्टुटगार्ट

काकू, तुमचा प्रश्न वाचला आणि माझ्या अंगावर काटा आला. कुंडी आजींच्या घरात नव्हतीच! जिन्याच्या वळणावर उत्तरेची खिडकी आहे, तिच्या कट्ट्यावर असायची. तिथे हीटर नाही, जानेवारीत आम्ही तिथून कोट घालूनच जातो. मला वाटायचं बिचारं झाड थंडीत पडलंय, म्हणून पहिल्याच दिवशी उचलून हॉलमध्ये आणलं.

आता या कळ्यांचं काही करता येईल का?

शैला_कोथरूड

जमलं तर बघ. कुंडी आत्ताच्या आत्ता जिन्यात ने. काळ्या कागदाचा शंकू करून तो कळ्यांवर टोपीसारखा उभा कर, वरचं तोंड थोडं उघडं ठेव. उजेडाच्या ओढीने दांडा चार बोटं तरी वर सरकतो. माझ्याकडे एकदा उपयोग झाला, एकदा नाही झाला. पानं ओढून फाकवू नकोस, बुडाशी चिरतात. आणि पाणी मधल्या बेचक्यात जाऊ देऊ नकोस, गाभा कुजतो. तिथे चुकून पाणी पडलं तर टिपकागदाने टिपून घे.

चीनमध्ये या अडकण्याला 'अडकलेला बाण' अशा अर्थाचा शब्द आहे. तिथे हे झाड फार मानाचं, चांगचुन शहराचं ते अधिकृत फूल आहे. म्हणजे हे दुखणं फक्त तुझं-माझं नाही.

आणखी एक, कुंडीची खिडकीकडची बाजू खडूने खूण करून ठेव. कळी दिसल्यावर कुंडी फिरवली तर दांडा वाकडा होतो.

वाट_वाकडी

शैलाताईंनी सांगितलंय त्याचं कारण झाडाच्या माहेरी आहे, म्हणून लिहितो. नोकरीनिमित्त चार वर्षं दक्षिण आफ्रिकेत, पीटरमारिट्झबर्गला होतो. क्वाझुलू-नातालच्या डोंगरउतारांवरच्या जंगलात मिनिआटा जातीची क्लिव्हिया आपोआप वाढलेली पाहिली आहे. दाट सावली, पायाखाली कुजका पालापाचोळा, आणि झाडं खडकांच्या कपारींत बसलेली. माती अशी नाहीच. मुळं पाचोळ्यात आणि दगडांवर पसरलेली. म्हणून कुंडी तंग लागते आणि माती भुसभुशीत.

तिथला पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा, रात्री गार. सप्टेंबरला, म्हणजे तिकडच्या वसंतात, जंगलाच्या अंधारात केशरी झुबके पेटलेले दिसतात. तुमच्या हॉलमध्ये त्या झाडाला बारा महिने पावसाळाच आहे. झुलू लोक तिला 'उमायिमे' म्हणतात आणि औषधात वापरतात. त्यासाठी आणि विक्रीसाठी इतकी उपटली गेली की काही ठिकाणी जंगलात ती फार विरळ झाली आहे. कुंडीतली पन्नास वर्षं जगलेली क्लिव्हिया दिसली की मला म्हणूनच बरं वाटतं.

नावाचंही सांगतो. 1828 साली जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञाने नॉर्थम्बरलंडच्या डचेसच्या माहेरच्या आडनावावरून हे नाव ठेवलं. ती शार्लट क्लाइव्ह, प्लासीच्या लढाईतल्या रॉबर्ट क्लाइव्हची नात. दक्षिण आफ्रिकेच्या फुलाला आपल्या इतिहासातलं हे आडनाव चिकटलेलं पाहून मला वाईट वाटतं. उमायिमे हेच नाव मला जास्त आवडतं.

दादरकर_बाल्कनी

मुंबईत फुलेल का? बाल्कनी पूर्वेची आहे.

शैला_कोथरूड

पानं छान होतील, सावलीत ठेवलंत तर. फुलाचं मी खात्रीने सांगणार नाही, मुंबईच्या रात्री पुरेशा उतरत नाहीत. माझ्या बहिणीने विलेपार्ल्याला सहा वर्षं प्रयत्न केला, दोनदा फूल आलं आणि दोन्हीदा बेचक्यातच राहिलं. शेवटी कुंडी माझ्याकडे आली. डिसेंबर-जानेवारीत पुण्याला किंवा नाशिकला कोणाकडे ठेवायची सोय असेल तर घ्या.

थेट ऊन नको, तासाभरात पानांवर पांढरे चट्टे पडतात आणि ते कधीच जात नाहीत. पानांच्या बुडाशी पिठ्या ढेकूण बसतो, तो कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून काढा. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. सगळं झाड विषारी आहे, लाल फळं तर मुलांना हमखास खुणावतात.

ओवी_स्टुटगार्ट (मार्च 2024)

वर्षभराने लिहितेय. गेल्या वर्षीचं फूल शंकू घालूनही तीन बोटंच वर आलं, पण निदान उमललं. उन्हाळ्यात कुंडी सावलीतल्या गॅलरीत होती, जूनपासून ऑगस्टपर्यंत महिन्यातून दोनदा पोटॅश जास्त असलेलं खत अर्ध्या मात्रेत दिलं. 15 नोव्हेंबरला ती आजींच्या जुन्या जागी, जिन्यातल्या कट्ट्यावर ठेवली. तिथे थर्मामीटर लावला, सगळ्यात कमी 7 आणि बहुतेक दिवस 10-11. डिसेंबरात एकदा आणि जानेवारीत एकदा अर्धी वाटी पाणी. हात शिवशिवायचे, पण नाही घातलं.

30 जानेवारीला दांडा दिसला. आज तो 34 सेंमी आहे आणि त्यावर 14 फुलं आहेत, बाहेरून केशरी आणि गळ्याशी पिवळी. धाकट्या फुटव्याला अजून आलेलं नाही, त्याची 11 पानं झालीत. खालच्या मजल्यावरचे लोक येता-जाता थांबतात.

रविवारी कुंडी गाडीत पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवली आणि आजींकडे नेली. त्यांनी आधी फुलाकडे पाहिलंच नाही. मुळं पाहिली, कुंडीच्या काठावरून वर आलेली, आणि म्हणाल्या, "अजून एक वर्ष याच कुंडीत राहू दे."

काकू, फुलं सुकल्यावर दांडा कापू का? बी धरलं तर आजींच्या नातीला एक रोप द्यायचं मनात आहे.

शैला_कोथरूड

ओवी, फार आनंद झाला गं.

बी हवं तर दोनच फळं ठेव, बाकीची खुडून टाक. सगळी ठेवलीस तर झाडाचा जीव त्यांच्यातच जातो आणि पुढच्या वर्षीचं फूल हुकतं. फळ पिकून लाल व्हायला नऊ-दहा महिने लागतात, तोवर तो दांडा कापू नकोस. मग गर काढून बी धू आणि ओलसर कोकोपीटवर नुसतं टेकव, पुरू नकोस. महिना-दीड महिन्यात मूळ सुटेल. बियांपासूनच्या रोपाला फुलायला चार-पाच वर्षं लागतात. नातीला लवकर फूल बघायचं असेल तर आजींचं ऐक, अजून एक वर्ष थांब आणि कुंडी बदलताना तो धाकटा फुटवा मुळांसकट वेगळा करून दे.