'ग्रेटिंग' कोरतात, लिहितात की उमटवतात?

प्रश्न : भौतिकशास्त्रज्ञ केनेथ हिल यांच्या संशोधनावरील एका लेखाचे भाषांतर तपासताना 'हिल यांनी प्रकाशतंतूवर सूक्ष्म जाळी कोरली' असे वाक्य आढळले. मूळ संज्ञा 'फायबर ब्रॅग ग्रेटिंग' (काचतंतूतील, ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश परावर्तित करणारी रचना) अशी आहे. 'जाळी' आणि 'कोरणे' हे शब्द येथे चालतील का? शिवाय 'सेन्सिंग'साठी 'संवेदना' योजावा की 'संवेदन'?

प्रतिसाद १ : या वाक्यात सर्वांत जास्त खटकते ते क्रियापद. ओटावा येथील कम्युनिकेशन्स रिसर्च सेंटरमध्ये १९७८ साली हिल आणि त्यांचे सहकारी जर्मेनियम मिसळलेल्या काचतंतूत आर्गॉन लेसरचा निळसर-हिरवा प्रकाश सोडून पाहत होते, तेव्हा तंतूतून परत येणारा प्रकाश काही मिनिटांत वाढत गेला. तंतूच्या टोकावरून परावर्तित होणारा थोडासा प्रकाश पुढे जाणाऱ्या प्रकाशाशी मिळून स्थिर तरंग तयार करत होता आणि त्या तरंगाचे उजेड-अंधाराचे पट्टे तंतूच्या गाभ्याच्या अपवर्तनांकात (काच प्रकाशाला किती वळवते त्या मापात) कायमचे नोंदले जात होते. काचेचा एक कणही निघाला नाही, खाच पडली नाही. मग 'कोरणे' कसे म्हणायचे? या क्षेत्रातील लोक 'ग्रेटिंग लिहिणे' म्हणतात आणि ते मराठीतही सहज पेलते. छायाचित्राशी असलेले नाते दाखवायचे असेल तर 'उमटवणे' अधिक नेमके ठरेल. 'तंतूवर' हेही चूकच आहे, कारण जे घडते ते तंतूच्या गाभ्यात.

'जाळी' म्हटले की आडवे-उभे धागे डोळ्यांपुढे येतात. येथे तर तंतूच्या लांबीच्या दिशेने अपवर्तनांक ठरावीक अंतराने किंचित कमी-जास्त होतो, इतकेच. विज्ञानलेखनात 'डिफ्रॅक्शन ग्रेटिंग'साठी 'विवर्तन जालक' रुळलेले आहे, तेव्हा 'जालक' घ्यावे.

प्रतिसाद २ : आपले क्रियापदाविषयीचे म्हणणे मान्य आहे, पण 'जालका'बाबत एक अडचण आहे. स्फटिकातील अणूंच्या मांडणीलाही आपण 'स्फटिक जालक' म्हणतो, आणि ज्या ब्रॅग पितापुत्रांना १९१५ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते स्फटिकांच्या क्ष-किरण अभ्यासासाठीच. त्यामुळे नुसते 'ब्रॅग जालक' वाचून वाचक थेट स्फटिकात शिरेल. पहिल्या उल्लेखात 'तंतूतील ब्रॅग ग्रेटिंग' असे पूर्ण लिहून पुढे केवळ 'ग्रेटिंग' ठेवणे मला बरे वाटते.

हिल यांचे श्रेय लिहितानाही जरा जपावे. त्यांचे पहिले ग्रेटिंग ज्या प्रकाशाने लिहिले गेले, जवळपास त्याच तरंगलांबीला परावर्तन करी, म्हणून त्याचा उपयोग मर्यादित होता. १९८९ साली अमेरिकेत मेल्ट्झ, मोरी आणि ग्लेन यांनी अतिनील प्रकाशाचे दोन झोत बाजूने तंतूवर टाकले. झोतांमधला कोन बदलला की पट्ट्यांमधले अंतर बदलते, म्हणजे हवी ती तरंगलांबी निवडता येते. संवेदकांच्या (सेन्सरच्या) व्यवहारात ग्रेटिंग आले ते मुख्यतः या रीतीमुळे.

प्रतिसाद ३ : 'संवेदना' नको, 'संवेदन' हवे, संवेदना माणसाला असते, तर संवेदन ही उपकरणाची मोजण्याची क्रिया आहे. साधनाला 'संवेदक' म्हणावे.

ग्रेटिंगने ज्या गोष्टी मोजतात त्यांपैकी 'स्ट्रेन'च्या 'विकृती' या प्रतिशब्दाविषयीही सावध राहावे. अभियांत्रिकीच्या लेखनात तो चालतो, पण सर्वसाधारण वाचकासाठीच्या लेखात 'पुलातील विकृती' भलताच अर्थ देते. तेथे 'लांबीतील सापेक्ष बदल' असे उलगडून लिहावे. शब्द लांब होतो खरा, पण आकडे नीट बसतात : १५५० नॅनोमीटरच्या आसपास काम करणाऱ्या ग्रेटिंगची लांबी दहा लाखांत एका भागाने वाढली, तर परावर्तित तरंगलांबी सुमारे ०.००१२ नॅनोमीटरने सरकते. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, तर सुमारे ०.०१ नॅनोमीटरने. एकट्या ग्रेटिंगला ताण कोणता आणि उष्णता कोणती हे सांगता येत नाही, म्हणून शेजारी ताण न बसणारे दुसरे ग्रेटिंग ठेवून तापमानाचा वाटा वजा करतात. अशा वाक्यात 'संवेदनशीलता' हा शब्द दर अंशामागे होणाऱ्या बदलासाठीच राखावा; काचेच्या प्रकाशाने बदलण्याच्या गुणधर्माला 'प्रकाशसंवेदिता' म्हणावे.